आसन आणि गुणपत्रिका : संगीतशिक्षणातील विद्यार्थ्यांचे क्रमनिर्धारण

अमेरिकेतील अनेक शालेय वाद्यवृंदांत चाचणीनुसार विद्यार्थ्याची खुर्ची ठरते. मागच्या खुर्चीवरील विद्यार्थी पुढच्यास आव्हान देऊन त्याची जागा मिळवू शकतो. हिंदुस्थानी संगीताच्या गुरुशिष्य परंपरेतही आसनाला महत्त्व होते. मात्र निकष निराळा होता. मैफलीत गुरूमागे तानपुऱ्यावर कोणी बसावे, मधूनच स्वर कोणी लावावा, हे केवळ गुरू ठरवीत. त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती आणि घराण्याबाहेरील विद्यार्थ्याला त्या आसनापर्यंत पोहोचणे कठीण होते.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी स्थापिलेल्या मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ या परीक्षांमुळे कोणत्याही विद्यार्थ्यास आपली योग्यता त्रयस्थ परीक्षकासमोर सिद्ध करण्याचा मार्ग खुला झाला.

मराठवाड्यात या दोन्ही प्रवाहांचा संगम दिसून येतो. पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांनी नांदेड येथे अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे तालीम घेतली आणि पुढे औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीताचे अध्यापन केले.

गुणपत्रिकेने प्रवेशातील विषमता कमी केली, हे निर्विवाद आहे. परंतु दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला आवरण्याची क्षमता गुणांत मोजली जात नाही. ती तानपुऱ्यामागेच घडते. म्हणूनच महाविद्यालयीन संगीतशिक्षणात ते आसन गुणानुक्रमे नव्हे, तर आळीपाळीने प्रत्येक विद्यार्थ्यास लाभणे अगत्याचे ठरते.