एमबीबीएसनंतर अमेरिकेत रेसिडेन्सी: घरच्यांनी काय जाणून घ्यावे?

तुमची मुलगी किंवा मुलगा भारतात एमबीबीएस करून पुढे अमेरिकेत जायचे म्हणत असेल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. तिथली यूएसएमएलई परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळणे नव्हे.

परदेशात शिकलेल्या डॉक्टरला प्रथम ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी यूएसएमएलईची स्टेप १, स्टेप २ सीके आणि डॉक्टरांसाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. पदवीची पडताळणीही होते. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. त्यामुळे स्टेप २ च्या गुणांचे वजन वाढले आहे. आणि पास झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही! म्हणून ‘देऊन तर बघ’ असा आग्रह धरू नका. तयारी अपुरी असेल तर थांबलेले बरे.

जागा मिळते ती ‘मॅच’मधून. सप्टेंबरमध्ये अर्ज, हिवाळ्यात मुलाखती. मग उमेदवार आणि रुग्णालये आपापल्या पसंतीची यादी देतात, संगणक जोड्या लावतो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. मिळालेली जागा दोघांवरही बंधनकारक असते. परदेशी पदवीधरांपैकी बऱ्याच जणांना त्या वर्षी जागा मिळत नाही. खर्चाचा हिशोब मांडताना हे धरूनच चाला.

व्हिसाचेही आधीच पाहा. अनेकांना जे-१ व्हिसा मिळतो. त्यात प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. अमेरिकेत डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात काम करण्याची तयारी दाखवल्यास ती माफ होऊ शकते.