तोल, बालकांचा : दृष्टीचा वाटा
उभे राहताना शरीराचा तोल सावरण्यासाठी मेंदू डोळे, आंतरकर्ण आणि पायांचे स्नायू-सांधे यांच्याकडून आलेल्या संवेदनांचा मेळ घालतो. नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बालकाची भिस्त मुख्यतः डोळ्यांवर असते. डेव्हिड ली व एरिक ॲरन्सन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जमीन स्थिर ठेवून खोलीच्या भिंती सरकवल्या. तेव्हा १३ ते १६ महिन्यांची मुले डुलली, अडखळली, काही पडलीही. समोरची भिंत जवळ येताच आपणच पुढे कलत आहोत असा मेंदूचा समज होतो आणि नसलेला झोक सावरताना मूल मागे जाते. साधारण ४ ते ६ वर्षांच्या संक्रमणकाळात ही भिस्त घटू लागते. ७ ते १० वर्षांच्या सुमारास तिन्ही संवेदनांचा मेळ प्रौढांसारखा जमू लागतो.

जन्मांध मुले बहुधा उशिरा चालू लागतात. मात्र दृष्टीवाचून तोल साधतच नाही, असे मानणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला. तेथे स्पर्श आणि शरीरभान हेच मुख्य आधार असतात.