ऊठबस: कागलचा मुलगा आणि बसण्याचा मान

हा भाग ऐकताना तुम्ही कसे बसलाय, जरा बघा. पलंगावर लोळत? एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून? आता समजा, तुम्हाला असंच उचलून एखाद्या दरबारात नेलं तर?

जुन्या मराठी दरबारात खाली बिछायतीवर बसायचं. मांडी घालून, नाहीतर गुडघे मोडून पाय मागे घेऊन. पाठ ताठ, हात मांडीवर, आणि तळपाय कुणाकडेही होता कामा नये. लोडाला रेलून बसणं गादीवरच्या धन्यालाच शोभायचं. जागाही ठरलेली. गादीपासून किती जवळ, उजवीकडे की डावीकडे, यावरून माणसाचा मान कळायचा.

हा मान किती मोठा, ते १२ मे १६६६ ला आग्र्यात दिसलं. औरंगजेबाच्या दरबारात सरदारांनी उभंच राहायचं असा रिवाज. शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं. त्या काळच्या राजस्थानी पत्रांत लिहिलंय की महाराज संतापले, बादशहाकडे पाठ करून निघाले आणि बाजूला जाऊन चक्क खाली बसले. भर दरबारात असं बसणं हाच केवढा मोठा निषेध होता, विचार करा!

आता येऊ कागलला. कोल्हापुरातून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की साधारण वीस किलोमीटरवर हे गाव. इथल्या घाटगे जहागीरदारांच्या घरात १८७४ साली यशवंतराव जन्मले. १७ मार्च १८८४ ला ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. वय अवघं नऊ! पुढे राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली शिक्षण. १८९४ साली कारभार हातात आला. म्हणजे दरबारी रीतभात अंगात मुरलेला माणूस. कोण कुठे बसतो याचा अर्थ त्यांना चांगलाच कळत होता.

आणि म्हणूनच त्यांनी नेमका तिथे हात घातला.

त्या काळात अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्या असायच्या. १९१९ साली महाराजांनी अशा शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांसोबत बसवायचा हुकूम काढला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तर महाराज आपला खडखडा त्यांच्या दारात थांबवून चहा मागवायचे. गाडीत सोबत बसलेल्या बड्या मंडळींनाही तोच चहा. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मग आलं माणगाव. हे गाव तेव्हा कागल जहागिरीत होतं. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते भीमराव आंबेडकर, वय २८. गावच्या चावडीवर ज्या समाजाला बरोबरीने बसता येत नव्हतं, त्यातला एक तरुण अध्यक्षस्थानी बसला होता. स्वतः छत्रपती त्या सभेला आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचं भाषण त्यांनी केलं.

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, ऊठबस. कुणाची कुणात ऊठबस आहे, यावरून आपण माणूस ओळखतो. शाहू महाराजांनी ही ऊठबसच बदलायला घेतली.

तेव्हा इंटरव्ह्यूला जाल, लग्नाच्या बैठकीला जाल, तर ताठ बसा, पाय हलवू नका, मोबाईल खिशात ठेवा. एवढं शिकायला दोन दिवस पुरतात. पण दाराशी कुणी अवघडून उभं असेल, तर जरा सरका आणि म्हणा, "या, इथं बसा."

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, आता उठलात तरी चालेल!