ट्रेलर, लहान मोटारीमागील

लहान प्रवासी मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचे, स्वतःचे इंजिन नसलेले व बहुधा एकाच आसाचे मालवाहू वाहन. तंबू, सायकली, बागेतील पालापाचोळा किंवा बिऱ्हाड हलविताना निघणारे किडूकमिडूक सामान, अशा डिकीत न मावणाऱ्या वस्तू नेण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचा प्रघात यूरोपात रूढ आहे. प्रस्तुत नोंदीतील कायदेशीर तरतुदी ब्रिटनमधील आहेत.

रचना : मोटारीच्या सांगाड्यास मागील बाजूने पक्क्या केलेल्या टो-बारच्या टोकाशी ५० मिमी. व्यासाचा पोलादी गोळा असतो. ट्रेलरच्या दांडीची खोबण त्यावर बसवून खटका लावला, म्हणजे ट्रेलरला वळण्याची व चढउतारावर खालीवर होण्याची मोकळीक राहूनही तो सुटत नाही. मागील दिव्यांना प्रवाह सात किंवा तेरा पिनांच्या प्लगमधून मिळतो. स्वतंत्र ब्रेक नसलेल्या ट्रेलरला, जोडणी निसटल्यास तो मोकाट सुटू नये म्हणून, साखळीची जादा तजवीज आवश्यक असते.

भारमर्यादा : ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे मालासह वजन ७५० किग्रॅ. किंवा मोटारीच्या सज्ज वजनाचा निम्मा भाग, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असता कामा नये. म्हणजे ११०० किग्रॅ. वजनाच्या मोटारीस ५५० किग्रॅ. एवढीच मुभा राहते. मोटारीच्या वजनपट्टीवर मोटार व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाचा आकडा नोंदलेला नसेल, तर त्या मोटारीने ट्रेलर ओढू नये. १९९७ पासून परवाना मिळविणाऱ्यांना जड ट्रेलरसाठी निराळी परीक्षा द्यावी लागे. ती अट १६ डिसेंबर २०२१ रोजी रद्द झाली.

समतोल : या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब इंजिनाची शक्ती नसून बोजाची मांडणी ही होय. बोजा मागे पडला तर गाडी उलळते आणि पुढे पडला तर जू बैलांच्या मानेवर दाबते, हे बैलगाडी भरणारा अनुभवाने जाणतो. तोच न्याय येथेही लागू असून, गोळ्यावर पडणारा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के असावा व उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेत राहावा, असा संकेत आहे. दोन आसांत २·५ मी. अंतर असलेल्या मोटारीच्या मागील आसापासून ०·८ मी. मागे असलेल्या गोळ्यावर ५० किग्रॅ. भार टाकला, तर तरफेच्या नियमाने पुढील चाकांवरचा भार १६ किग्रॅ. नी घटतो व मागील चाकांवरचा ६६ किग्रॅ. नी वाढतो, आणि पुढील चाकांनीच ओढणारी व वळणारी लहान मोटार ओल्या चढावर अडखळते, त्याचे एक कारण हेच. उलटपक्षी हा भार फार कमी असला, तर वेग वाढताच ट्रेलर नागमोडी डोलू लागतो.

चालविणे : मोटारमार्गांवर ताशी ६० मैल व साध्या दुपदरी रस्त्यांवर ५० मैल ही ट्रेलरसह वेगमर्यादा आहे. ट्रेलर डोलू लागल्यास ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलून स्टिअरिंग स्थिर धरावे; एकाएकी ब्रेक दाबल्याने किंवा चाक झटक्याने फिरविल्याने दोलन वाढते. मागे घेताना ट्रेलर ज्या बाजूस वळवावयाचा, तिच्या विरुद्ध बाजूस प्रथम स्टिअरिंग फिरवावे लागते.

जोडणीवरील भार मोजण्यास घरातील वजनकाटाही पुरतो : सपाट जागी त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून, गोळ्याच्या उंचीवर दांडीचे टोक टेकविले की आकडा मिळतो. ही तपासणी प्रत्येक वेळी माल भरल्यावर व निघण्यापूर्वी करावी. कारण धावत्या गाडीमागे डोलू लागलेल्या ट्रेलरमधील बोजा जागच्या जागी सरकविण्याचा उपाय चालकाच्या हाती राहत नाही.