नवापूर आणि १९६० ची सीमारेषा

रंगावली नदीच्या काठचे नवापूर हे पूर्वी पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गणले जाते. जिल्ह्याच्या नावातील या फेरफारांपेक्षा १ मे १९६० ही तारीख या गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होय.

या मुलखाचे तोंड पूर्वीपासून धुळ्याइतकेच सुरतेकडेही होते. तापी खोऱ्यातील सुरत-अमळनेर रेल्वेने ही ओढ अधिकच दृढ केली. पेठेत गुजराती व्यापाऱ्यांचा वावर, तर भोवतालच्या खेड्यांत मावची, कोकणी व भिल्ल यांची बहुसंख्या, असे हे चित्र आहे. १९२२ साली किनाऱ्याकडून आलेली देवीची चळवळ सुरतेच्या रानीपरज भागात व खानदेशात पसरली आणि दारू सोडण्याचा आदेश घरोघर पोहोचला. मद्यविक्रेते व सावकार यांच्याविरुद्धचा हा असंतोष कोणत्याही जिल्ह्याच्या हद्दीशी थांबला नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

मुंबई राज्याच्या पुनर्रचनेच्या कायद्याने नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवे या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. उकाई धरणाची योजना या वाटणीमागे होती. १९७२ साली धरण पुरे झाले आणि तापीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. ज्यांची गावे आधी नव्या राज्यात गेली आणि मग जलाशयात, त्यांच्या वाट्याला हे स्थलांतर दोनदा आले असे म्हणावे लागते. पहिल्या वेळी माणूस जागेवरून हललाही नव्हता.

नवापूरचे स्थानक दोन राज्यांत विभागले गेले. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. प्रवाशांना याचे कौतुक वाटते. परंतु खेड्यांतील शाळेची भाषा, जमिनीचे दप्तर आणि कचेरीचा रस्ता याच रेषेने बदलला, त्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

लोकांची नावेही याच रेषेशी पालटतात. इकडे जो गावीत, तोच पलीकडे बहुधा गामीत. अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र गामीत, गावीत, मावची व पाडवी ही नावे दोन्ही राज्यांत एकाच नोंदीखाली आहेत.