हिंडण्या-खाण्याचा रविवार

बीडहून रात्रीच्या एस.टी.ने निघावे, सकाळी मुंबईत उतरावे, दिवसभर हिंडावे, खावे आणि रात्रीच्याच गाडीने परत फिरावे, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. राणीचा बाग, गेटवे, चौपाटी; मध्येच कोठे भेळ, कोठे वडापाव, इराण्याकडचा चहा. एवढी मुंबई पाहिली की गावात चार दिवस सांगायला पुरते. मुंबईच्या दगडी इमारतींविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांला त्यांत भर घालायची नाही. हिंडायला मोकळा दिवस लागतो आणि खायला थोडी फुरसत लागते. या दोन वस्तू कष्टकऱ्याच्या पदरात कोणी टाकल्या, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे तीसएक वर्षे गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. विजेचे दिवे नव्हते. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. सणावाराला गिरणी बंद राही तेवढीच विश्रांती. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती.

अशा काळात नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, 'दीनबंधू' पत्राचा संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय असावी. मागणी पाहा कशी बेताची आहे! पगारवाढीचे नावही नाही. माणसाला प्रथम वेळ हवा, हे लोखंड्यांनी ओळखले होते.

सहा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. १० जून १८९० रोजी मालकांच्या मंडळाने रविवारची सुट्टी कबूल केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांवर सरकारी शिक्का बसला. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार, तसाच आपल्या खंडोबाचा वार. बीडच्या खंडोबाच्या दीपमाळा पाहिलेल्याला ते सांगायला नको. पण सुट्टी या दोघांपैकी कोणाच्याही कृपेने आली नाही.

भायखळ्याचा राणीचा बाग या सभेच्या कितीतरी आधीचा. त्याच्याशेजारचे वस्तुसंग्रहालय, आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासून लोकांसाठी उघडे होते. सभोवार गिरण्या आणि चाळी. बाग हाकेच्या अंतरावर, पण दिवसाउजेडी तेथे जायला सवड कोणाला? कामगार आपल्या पोरांना हत्ती दाखवायला नेऊ लागला तो रविवार हाती आल्यावर.

खाण्याचेही तसेच. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एका खोलीत दहा-पंधरा राहत, जेवण खानावळवाल्या बाईकडे. ती बाई पहाटेपासून चुलीपुढे. तिच्या सुट्टीचा विचार कोणत्याच सभेत झाला नाही. अशा बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते १९७५ साली. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात. पाळी सुटल्यावर लोकल गाठेपर्यंत एका हातात धरून खाता येईल, खिशाला परवडेल, असा हा पदार्थ. बसून जेवायला वेळ नसलेल्या माणसाचे ते जेवण होय. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला तसा कित्येक गिरणी कामगारांच्या घरांनी पोटासाठी वड्यांची कढई मांडली. गिरण्यांच्या जागी आज मॉल आहेत, महागडी उपाहारगृहे आहेत. तेथे आपण पाहुणे म्हणून जातो.

परदेशचा एक दाखला देतो. जपानातले ओसाका शहर खाण्यासाठी इतके प्रसिद्ध की खाऊन खाऊन दिवाळे काढणे असा त्या शहराचा शब्दच आहे: 'कुइदाओरे'. सकाळी किल्ला पाहावा आणि संध्याकाळी दोतोंबोरीच्या कालव्याकाठी आठपायी माशाचे गरम गोळे खावे, असा तिथला प्रवाशांचा दिवस. हेच ओसाका एके काळी कापड गिरण्यांचे गाव होते. १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी हात मिळवून मुंबई-कोबे जहाजे सुरू केली ती आपला कापूस तिकडे नेण्यासाठी. त्या गिरण्यांत खेड्यापाड्यांतल्या कोवळ्या मुली रात्रंदिवसाच्या पाळ्यांत राबत; पुष्कळींच्या बापांनी आगाऊ पैसे उचललेले असत. जपानचा १९११ चा कारखाना कायदा १९१६ साली अमलात आला. त्याने स्त्रिया व मुलांना महिन्यातून निदान दोन दिवस सुट्टी दिली. महिन्यातून दोन!

आगाऊ पैसे हा शब्द ऐकून बीडच्या श्रोत्यांना काय आठवले ते आम्हांला ठाऊक आहे. उचल घेऊन आपल्या जिल्ह्यातले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या आगेमागे उसाच्या फडांकडे निघतात. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला मोळ्या भरायच्या. कारखान्याचे गाळप थांबत नाही म्हणून वाराची सुट्टी नाही. दुखण्याने एक दिवस चुकला तर तो 'खाडा'. मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारने समिती नेमली, तेव्हा या खाड्याची चर्चा राज्यभर झाली.

टोळ्यांत गेलो की लोखंड्यांची ती पाच कलमे आम्ही वाचून दाखवतो. गडी पगाराच्या कलमापाशी थांबवतात. बाया दुसऱ्या कलमापाशी थांबवतात आणि ते पुन्हा वाचायला सांगतात: दुपारी अर्धा तास, सावलीत बसून भाकरी खायला.