दुधाचे दात

आमच्या मिरजोळ्यात पूर्वी दात घासायला राखुंडी आणि दुखला तर लवंग. मुलांची दाढ किडली की ठरलेलं वाक्य, "दुधाचीच ना, पडायचीच आहे!" मोठ्या बायका मशेरी लावायच्या. दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आली १९९२ साली, पण घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ सालीच निघालं. खेड्यातलं मूल मात्र डॉक्टरांकडे जायचं ते तापाला नाहीतर लशीला. तोंड उघडायचं ते घसा दाखवायला. दात राहूनच जायचे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी, आणि यादीत दातांची कीडही! म्हणजे बाकीचं तपासणारा डॉक्टरच दातही बघणार. मला तरी यातली मोठी गोष्ट हीच वाटते.

कारण दुधाची दाढ पडते दहाव्या-बाराव्या वर्षी. तोवर चावायचं तिनंच, आणि पक्क्या दाताची जागा राखायची तीही तिनंच.

तेव्हा भाचरा-पुतण्यांच्या आयांनो, पुढच्या लशीला जाल तेव्हा एवढंच म्हणा, "डॉक्टर, जरा दातही बघा."